‘तेर्वार’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : हंगेरीतल्या शोम्लो टेकडीवरच्या पांढऱ्या वाइनवर लेख लिहिते आहे. ‘तेर्वार’ या फ्रेंच शब्दाशी अडले, म्हणजे जागेची जमीन, उतार, ऊन-वारा यांचा पिकावर मिळून होणारा परिणाम. ‘माती’ म्हटलं तर ऊन-वारा सुटतो, ‘हवापाणी’ म्हटलं तर जमीन सुटते. ‘भूगुण’ चालेल का?

— ‘भूगुण’ कोशात शोभेल, बोलण्यात यायचा नाही. आधी शोम्लोवर काय काय घडतं ते पाहू. पश्चिम हंगेरीच्या सपाट मुलखात एकटी उभी असलेली ही टेकडी म्हणजे विझलेला ज्वालामुखी. उंची सव्वाचारशे मीटरच्या थोडी वर. माथ्याला बसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. खाली प्राचीन पॅनोनियन जलाशयाची रेती आणि चिकणमाती. द्राक्षमळे उतारांवर आहेत, तिथे वरून घरंगळलेला दगड या गाळात मिसळलेला असतो. काळा दगड दिवसा तापतो आणि संध्याकाळनंतर वेलींना ऊब देत राहतो. तिथलं खास वाण युहफार्क, शब्दशः ‘मेंढीची शेपटी’, कारण घड लांबट आणि टोकाशी वळलेला. मुळातच आंबट. शोम्लोची युहफार्क कोवळेपणी चांगलीच करकरीत लागते, धुरकट, जराशी खारट. लाकडी पिंपात मुरली की निवळते. तुमच्या शब्दात दगड, उतार, ऊन एवढं सगळं मावायला हवं.

— एक विनंती, ‘दगडाची चव वाइनमध्ये उतरते’ असं लिहू नका. बसाल्टमधली खनिजं थेट जिभेवर येत नाहीत. जमीन पाणी किती धरते, मुळं कुठवर जातात, फळ किती सावकाश पिकतं, त्यावर आंबटपणा आणि गोडवा ठरतो. हे वाचकाला नीट सांगायलाच हवं.

— हंगेरियनमध्ये याला ‘तेर्मोहेय’ म्हणतात : पिकायची जागा. किती साधा शब्द! आपणही देवगडचा हापूस ‘कातळावरचा’ म्हणून ओळखतोच. माझं मत ‘भुईचा गुण’ला. ‘युहफार्क हे वाण, त्याला लागला शोम्लोच्या भुईचा गुण’ हे वाक्य कुठल्याही बागायतदाराला कळेल.

प्रश्नकर्ती : ‘वाण नाही पण गुण लागला’ आठवलं!

— हो, फक्त त्या म्हणीतलं ‘वाण’ म्हणजे वर्ण, रंग. पिकाचं वाण वेगळं. दोन्ही अर्थ एका वाक्यात आणू नका. ‘गुण लागणे’ मात्र दोन्हीकडे एकच, संगतीने अंगी येणं, आणि तेर्वारमध्ये नेमकं तेच अभिप्रेत आहे. म्हणून ‘लागणे’ हे क्रियापद सोडू नका.

प्रश्नकर्ती : आणि शोम्लोच्या वाइनला ‘लग्नाच्या रात्रीची वाइन’ म्हणतात, त्याचं काय? ती प्यायल्याने मुलगा होतो म्हणून हाब्सबुर्ग या ऑस्ट्रियाच्या राजघराण्यात मागणी होती, असं सांगतात.

— ती समजूत म्हणूनच द्या, भुईच्या गुणात धरू नका. ‘तेर्वार’ पहिल्या उल्लेखात एकदा ठेवा, पुढे मराठीच वापरा.