शोकांतिका की शोकात्मिका?

प्रश्न : इंग्रज कादंबरीकार थॉमस हार्डीच्या 'द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज'वर (१८८६) टिपण लिहिताना मी 'ट्रॅजेडी'साठी 'शोकांतिका' लिहिलं. मित्रानं ते खोडून 'शोकात्मिका' केलं. फरक काय? आणि कॉमेडीला 'सुखांतिका' चालेल?

उत्तर : मी मित्राच्या बाजूने. 'शोकांतिके'त सगळा भार 'अंता'वर पडतो, जणू शेवटचं पान उघडलं की निकाल लागला. हार्डीचंच बघा. नायक हेंचर्ड दारूच्या नशेत जत्रेत बायको-मुलीला पाच गिनींना विकतो. शुद्धीवर आल्यावर एकवीस वर्षं दारू न शिवण्याची शपथ घेतो, पुढे नगराध्यक्ष होतो, आणि ज्या हट्टी, तापट स्वभावाने वर चढला तोच त्याला खाली खेचतो. शोक इथे पहिल्या प्रकरणापासून मुरतोय. शेवटचा परिच्छेद तर त्याच्या सावत्र मुलीच्या, एलिझाबेथ-जेनच्या शांत संसाराचा आहे! म्हणून 'शोकात्मिका' : शोक जिचा आत्मा आहे ती.

डिकन्सने 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'च्या (१८६१) मूळ शेवटात नायक पिप आणि त्याची आवडती एस्टेला यांची ताटातूट केली होती. कादंबरीकार मित्र बुल्वर-लिटनच्या सांगण्यावरून तो शेवट बदलला. मग काय, एका प्रकरणामुळे कादंबरीची जात बदलली?

प्रश्नकर्ता : पण पेपरात 'शोकांतिका'च असते. रस्त्यातला खड्डासुद्धा 'आपली शोकांतिका'.

उत्तर : तिथे तिचा अर्थ 'दुर्दैव' एवढाच उरलाय. बोलण्यात चालू द्या, समीक्षेत नको.

'सुखांतिका' जेन ऑस्टिनला चालून जाते. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) लग्नांवरच संपते. तरी तिथली खरी गंमत शेवटात नाही, मिस्टर कॉलिन्सच्या मागणी घालण्यात आहे. नायिका एलिझाबेथ नाही म्हणते आणि त्याला ते नखरे वाटतात. म्हणून मी 'सुखात्मिका' म्हणेन. 'विनोदी कादंबरी' म्हटलं की आपल्याकडे नुसता हशा अपेक्षित असतो.

दुसरे उत्तर : मग मार्क ट्वेनच्या 'हकलबरी फिन'ला काय म्हणाल? शेवट गोड : पळालेला गुलाम जिम स्वतंत्र. पण मालकिणीने मृत्युपत्रात त्याला आधीच मुक्त केलेलं असतं. हकच्या मित्राला, टॉम सॉयरला हे ठाऊक असतं, तरी तो जिमच्या सुटकेचा खेळ मांडतो. त्या शेवटच्या प्रकरणांना मी सरळ 'फार्स' म्हणतो. तोही एका माणसाच्या जिवावर केलेला. ही सुखांत आहे हे कबूल, सुखात्मिका म्हणायला मात्र जीभ रेटत नाही.

उत्तर : माझीही नाही रेटत.