रोलर कोस्टर : कुठल्या रांगेत बसता आणि आधी काय खाता? (अनुभव धागा)

शेवटची_रांग (घोडबंदर रोड, ठाणे)

मंडळी, हा धागा बरेच दिवस काढायचा होता. ऑफिसमध्ये कोणी खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कला जाऊन आलं की मी विचारतो, नायट्रोवर बसलास का आणि कुठल्या रांगेत, आणि निम्मे लोक म्हणतात बसलोच नाही रे, आधी दाबून जेवलो मग हिंमत झाली नाही. जीव हळहळतो माझा. एवढं दीड-दोन तासांवर आपल्याकडे ४० मीटर उंचीचं, १०५ किलोमीटर वेगाचं, ५ वेळा उलटं करणारं कोस्टर आहे, २०१३ पासून आहे, ज्या स्विस कंपनीची कोस्टर्स जगभरातले शौकीन शोधून शोधून बसतात त्या बोलिजर अँड मबियार्डनं बनवलेलं आहे, आणि आपण तिथे जाऊन पनीर मखनी खाऊन झाडाखाली बसतो.

तर माझं मत सरळ सांगतो. नायट्रोला शेवटच्या रांगेत बसा. पुढची रांग सगळ्यांना हवी असते म्हणून तिथे वेगळी लाईन लागते, आणि पुढे बसायची मजा आहेच, कारण या राइडला पायाखाली फळीच नसते, स्टेशनात ती खाली जाते आणि पाय लोंबकळत राहतात, पहिल्या रांगेत तर समोर नुसता रूळ आणि सह्याद्रीचे डोंगर. पण उतारावर काय होतं बघा, पुढचा डबा माथा ओलांडतो तेव्हा मागची अख्खी गाडी अजून चढावर असते, त्यामुळे तो हळूहळू लटकत खाली जातो. शेवटचा डबा माथ्यावर येतो तोवर पुढचं सगळं वजन खाली सुटलेलं असतं, ते त्याला खस्सकन ओढून नेतं. ढुंगण सीटवरून उचललं जातं, पोटात तो खड्डा पडतो ना, तो तिथे पडतो. आणि शक्य असेल तर सकाळी एकदा आणि उन्हं उतरल्यावर परत एकदा बसा. दिवसभर चालून चाकं आणि त्यांची ग्रीस तापलेली असते, त्यामुळे संध्याकाळी गाडी जास्त मोकळी पळते. मी दोन्ही वेळा बसलोय, फरक कळतो.

खाण्याचं सांगायचं तर रिकाम्या पोटी अजिबात जाऊ नका, चक्कर येते. मी सकाळी घरून दोन पोळ्या आणि साधी बटाट्याची भाजी खाऊन निघतो. जुन्या हायवेनं गेलो तर पळस्प्याला दत्तकडे कोथिंबीर वडी आणि चहा, मिसळ नाही, मिसळ परतीला. पार्कमध्ये दुपारी दहीभात किंवा थाळीतला डाळभात, पिझ्झा-बर्गर माझ्या मते पैसे वाया, चीज पोटात दगडासारखं बसतं आणि मग दोन तास राइड नाही. मोठ्या राइड्स संपल्या की संध्याकाळी खोपोलीत रमाकांतचा वडापाव. गरम वडा, लसणाची सुकी चटणी, आणि हातपाय अजून हलके वाटतायत, त्या वड्याची चव दुसऱ्या कुठल्याच दिवशी तशी लागत नाही.

आता तुमचं सांगा. जत्रेतला पाळणा चालेल, एस्सेल वर्ल्ड चालेल, बाहेरदेशचं चालेल.


कोपरी_पूर्व

एस्सेल वर्ल्ड म्हणालात आणि एकदम सगळं आठवलं. पार्क १९८९ ला सुरू झालं आणि आमची सहल गेली मी पाचवीत असताना, ठाण्याहून शाळेची बस गोराईच्या खाडीपर्यंत, मग लाँच. आम्हा कोपरीच्या पोरांसाठी लाँच हीच पहिली राइड होती, खाडीचं पाणी बघून अर्धी मुलं गप्प झाली होती. मी झिपर डिपरवर तीन वेळा बसलो आणि हूला लूपच्या खाली उभा राहून बघत राहिलो. माणसं उलटी होतात आणि पडत नाहीत, हे कसं, एवढंच डोक्यात. बाई म्हणाल्या पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी सहल नाशिकला गेली.

मग नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात मित्राला घेऊन गेलो आणि फक्त त्या लूपसाठी गेलो. मान जरा आपटली, राइड जुनी होती, पण खाली उतरल्यावर मी पायऱ्यांवर बसून राहिलो पाच मिनिटं, काही बोलावंसं वाटेना. आता ते पार्क बंद आहे. मुलाला तो लूप दाखवता आला नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

खाणं म्हणाल तर सहलीत डब्यातली पुरी आणि सुक्या बटाट्याची भाजी, जेट्टीवर बसून, वाऱ्यात. ती चव आहे अजून.

एक प्रश्न. लूप पूर्ण गोल का नसतो, वरून निमुळता का दिसतो?


ऐरोलीकरीण

माझा अनुभव उंचीच्या पट्टीचा. लेक तेव्हा नऊ वर्षांची, नेरुळच्या वंडर्स पार्कातली छोटी आगगाडी आणि मानपाड्याला टिकुजीनीवाडीतल्या राइड्स करून करून तिला कंटाळा आला होता, मोठं कोस्टर पाहिजे म्हणून वर्षभर मागे लागलेली. इमॅजिकाला गेलो. पट्टीपाशी उभी राहिली आणि दोन बोटं कमी. तिनं हळूच टाचा वर केल्या. तिथल्या मुलानं बघितलं, पण ओरडला नाही, गुडघ्यावर बसला आणि तिला म्हणाला, बेटा हा पट्टा तुझ्या खांद्यावर नीट बसला पाहिजे, आत्ता तो सैल राहील, तू पुढच्या वेळी ये, मी इथेच आहे. तिच्या डोळ्यात पाणी, माझ्याही. नवरा म्हणाला आपण तरी बसू, मी म्हटलं नाही, तिच्याशिवाय नाही. त्या दिवशी तिघांनी मिळून राजासॉरसची बोट केली, चिंब भिजलो आणि मक्याचं कणीस खाल्लं.

दोन वर्षांनी परत गेलो. घराच्या दारामागे पेन्सिलीनं उंचीच्या खुणा करून करून गेलो. ती माझा हात धरून बसली आणि पहिल्या उतारावर तिनंच हात सोडला. मी ओरडत होते, ती हसत होती.

इथल्या आईबाबांना कळकळीनं सांगते, पट्टीवाल्या मुलांशी भांडू नका, चपलेत कागद घालून मुलांना उंच करू नका. मी असं करताना लोक बघितलेत.


रबाळे_शिफ्ट

वरच्या ताईंशी शंभर टक्के सहमत. मी एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, कन्व्हेअर, गिअरबॉक्स, चेन हेच रोजचं काम, त्यामुळे मी राइडकडे दुसऱ्याच नजरेनं बघतो. लोक विचारतात उलटं झाल्यावर गाडी रुळावरून पडत कशी नाही. प्रत्येक ठिकाणी तीन प्रकारची चाकं असतात, एक रुळाच्या वर, एक बाजूनं, एक खालून. म्हणजे रूळ मुठीत धरल्यासारखा. आणि चढताना जो खटखट खटखट आवाज येतो ज्यानं सगळ्यांची फाटते, तो आवाज म्हणजे मागे न घसरू देणारा खटका दातऱ्यावरून जातोय. चेन तुटली तरी गाडी तिथेच धरली जाते. मला तो आवाज ऐकला की उलट शांत वाटतं. आणि एकदा माथा ओलांडला की पुढे इंजिन नाही काही नाही, चढताना जेवढी उंची कमावली तेवढ्यावरच सगळं.

गाडी मध्येच चढावर थांबली की लोक घाबरतात, व्हिडीओ व्हायरल करतात. अरे थांबली म्हणजे सेन्सरला काहीतरी खटकलं आणि यंत्रणेनं तिचं काम केलं. कारखान्यात पण आम्ही हेच शिकवतो, शंका आली की मशीन थांबव.

राग एकाच गोष्टीचा येतो, मोबाईल. शंभरच्या वेगात हातातून सुटलेला फोन म्हणजे मागच्याच्या तोंडावर दगड. लॉकर असतो, ठेवा ना.

खाणं : नाईट शिफ्टवाला माणूस, ताक आणि शेंगदाण्याची चिक्की, बास.


नेरुळ_सेक्टर_वीस

मला आकाशपाळणासुद्धा झेपत नाही पण हा धागा वाचायला आवडतोय. लिहीत राहा.


खारघर_डोंगर

मी कामानिमित्त दोन वर्षं अबुधाबीत होतो तेव्हा फेरारी वर्ल्डचं फॉर्म्युला रोसा चार वेळा केलं. ताशी २४० किलोमीटर, आणि तो वेग ४.९ सेकंदात. डोळ्यांना गॉगल लावायला देतात, वाळू आणि किडे लागू नयेत म्हणून. सुटतं तेव्हा गाल मागे जातात, विचार करायला वेळच नाही. पण खरं सांगू, मला नायट्रो जास्त आवडतं. तिथे धक्का मिळतो, इथे वाट बघणं मिळतं. चढताना आजूबाजूला हिरवा डोंगर, खाली माणसं बारीक होत जातात, शेजारचा अनोळखी माणूस पण तुमच्याकडे बघून कसनुसं हसतो, मग माथा. तो चढ नसेल तर माझ्यासाठी अर्धी राइड गेली.

धक्का हवाच असेल तर इमॅजिकातच डीप स्पेस करा, तिला चेन नाही, विद्युतचुंबकाच्या जोरावर सुटते, आणि सगळं अंधारात. वळण कुठून येणार दिसत नाही म्हणून अंग तयारच होत नाही. आकडा बघाल तर छोटी राइड आहे, अनुभव मोठा आहे. लोक घाईत सोडून देतात.

खाण्याबद्दल एक तक्रार आहे, पार्कचं नाव घेत नाही. एकदा मे महिन्यात एका पार्कमध्ये गेटवर आमच्या पाण्याच्या बाटल्या काढून घेतल्या आणि आत तासाभराच्या लाईनमध्ये एक नळ नाही. पुढच्या कुटुंबातली मुलगी उभ्या उभ्या खाली बसली, पांढरीफटक. कोणीतरी पर्समधून लिमलेटची गोळी दिली. पिझ्झा महाग विका, चालेल, पण लाईनीत पाणी फुकट पाहिजे म्हणजे पाहिजे. यावर मी अजिबात ऐकून घेणार नाही.


कळव्याच्या_काकू

मुलांनो, मी ६२ वर्षांची आहे. मुलगा म्हणाला आई तू तुझं लिही, म्हणून लिहिते, टायपिंगला वेळ लागतो.

लहानपणी गावच्या जत्रेत लाकडी पाळणा असायचा, चार खोक्यांचा, माणूस हातानं फिरवायचा. माझे वडील मला वरच्या खोक्यात बसवायचे आणि खालून हाक मारायचे, दिसतंय का गं घर. लग्नानंतर कुठे बसले नाही. कोणी बस म्हटलं नाही आणि मीही म्हटलं नाही. चाळीस वर्षं गेली.

दोन वर्षांपूर्वी सगळे इमॅजिकाला निघाले, मी पिशव्या सांभाळायला. सून म्हणाली आई, डॉक्टरांना विचारून घेऊ. बीपी नाही, पाठ बरी, मान बरी, त्यांनी हो म्हटलं. साडीऐवजी तिचा पंजाबी ड्रेस घातला. सकाळी दहीभात खाल्ला आणि बरोबर आलेपाकाच्या वड्या. आधी गोल्ड रश एक्स्प्रेस केली, ती सोपी आहे. मग मीच म्हटलं, ती मोठी.

वर चढत होतो तेव्हा सून म्हणाली डोळे मिटू नका, समोर बघा. बरं झालं सांगितलंन. मी सगळं बघितलं. आकाश पायाखाली आलं. मला वडिलांची हाक आठवली. उतरल्यावर सगळे विचारत होते त्रास होतोय का, मी रडत होते पण त्रास नव्हता. मग वडापाव खाल्ला, दोन खाल्ले.


शेवटची_रांग (घोडबंदर रोड, ठाणे)

काकू, तुमचा प्रतिसाद घरात मोठ्यानं वाचून दाखवला. सूनबाईंना नमस्कार सांगा, डोळे उघडे ठेवायचा सल्ला अगदी बरोबर आहे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण फिरतोय, आणि डोळ्यांना काही दिसत नाही, दोघांचं जुळत नाही म्हणून मळमळतं. म्हणूनच मला नायट्रोवर काही होत नाही पण पडद्यासमोर खुर्च्या हलवणाऱ्या राइडमध्ये, मिस्टर इंडियामध्ये, जीव घाबरतो, तिथे डोळे पळतात आणि अंग जागेवर. त्या राइडच्या आधी मी काहीच खात नाही, फक्त आलेपाक.

कोपरीवाले दादा, लूपचं. १८९५ मध्ये अमेरिकेत कोनी आयलंडला पूर्ण गोल लूपचं कोस्टर होतं, फ्लिप फ्लॅप रेल्वे. गोलात शिरताना एकदम एवढा दाब यायचा की लोकांच्या माना दुखावायच्या. मग बरीच वर्षं लूपच्या नादाला फारसं कोणी लागलं नाही. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात रिव्होल्यूशन आलं, त्यात व्हेर्नर श्टेंगल या जर्मन इंजिनिअरनं पाण्याच्या थेंबासारखा आकार दिला. खाली वळण मोठं, म्हणून वेगात शिरताना दाब हळूहळू चढतो. वर वळण लहान, कारण तिथे वेग कमी झालेला असतो आणि तरी माणूस सीटला चिकटून राहायला हवा. पाचवीत तुम्ही खाली उभं राहून जो प्रश्न विचारत होतात तोच सोडवायला एवढी वर्षं गेली.

पाण्याच्या मुद्द्यावर खारघरला माझा पाठिंबा.

पाऊस संपला की नोव्हेंबरात एक रविवार ठरवतोय, तेव्हा हवा चांगली असते. ठाण्याहून खोपोली लोकल आहे, ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांना खोपोली स्टेशनवरून घेतो. रबाळेवाले भाऊ, शिफ्ट बघून सांगा.


ऐरोलीकरीण

आम्ही तिघं नक्की. लेक विचारतेय, काकू येणार असतील तर ती त्यांच्या शेजारी बसेल का, पहिल्या रांगेत.


कळव्याच्या_काकू

बसू दे की. आलेपाक मी करून आणते.