स्नायूंचा विश्रांतीतील खर्च किती?

वजने उचलून स्नायू वाढवले की दिवसभर बसल्या जागी चरबी जळत राहते, त्यामुळे कार्डिओची (चालणे, धावणे अशा श्वास वाढवणाऱ्या व्यायामाची) गरजच उरत नाही, हा नेहमी केला जाणारा दावा दिशेने बरोबर असला तरी प्रमाणाने फारच फुगवलेला आहे. विश्रांतीच्या अवस्थेत एक किलो स्नायू दिवसाला साधारण १३ कॅलरी खर्च करतात आणि एक किलो चरबी साधारण साडेचार. म्हणजे कित्येक महिने घाम गाळून दोन किलो स्नायू कमावले, तरी रोजचा जादा खर्च २६ कॅलरींच्या आसपासच राहतो, आणि तेवढा तर दहा मिनिटांच्या संथ चालण्यातही होतो. ड्यूक विद्यापीठाच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, आठ महिने चाललेल्या प्रयोगात केवळ वजने उचलणाऱ्यांपेक्षा केवळ एरोबिक, म्हणजे कार्डिओ प्रकारचा, व्यायाम करणाऱ्यांची चरबी अधिक घटली; दोन्ही करणाऱ्यांची चरबी एरोबिक गटाइतकीच घटली आणि स्नायूही वाढले, मात्र त्यांना वेळ जवळपास दुप्पट द्यावा लागला (हा तपशील सांगताना नेमका गळतो).

तरीही वजने सोडावीत असे मी म्हणणार नाही. आहार कमी केल्यावर उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि ती गळती रोखण्याचे काम पुरेशी प्रथिने व वजनांचा व्यायाम जितके चांगले करतात तितके धावणे करत नाही. म्हणून केवळ काट्यावर विसंबू नये. सकाळी उपाशीपोटी, श्वास सोडून, बेंबीच्या पातळीवर टेप लावून कंबरही मोजावी, कारण काटा जागेवर असतानाही पँट सैल झालेली असू शकते.