अनुभव धागा : जुन्या गाडीतले आवाज आणि त्यांचा माग

‘गाडीतून आवाज येतोय’ एवढंच सांगून गाडी गॅरेजला लावली की पुढचं ठरलेलं असतं. मिस्त्री ट्रायल मारायला बसला की आवाज गप्प. नाहीतर ‘खालचं काम निघालंय’ म्हणत लिंक रॉड, बुश, लोअर आर्म सगळं बदललं जातं, बिल होतं, आणि आवाज होता तिथेच. १५ वर्षं झालेली गाडी आरटीओतून पुढच्या ५ वर्षांसाठी पास करून घेणारे माझ्या ओळखीतच बरेच निघाले, तेव्हा म्हटलं सगळ्यांचे अनुभव एका जागी येऊ द्यात.

एकच विनंती. आवाज कसा येतो ते लिहाच, पण कधी येतो आणि काय केल्यावर जातो ते आधी लिहा. ‘खडखड’ म्हटलं की प्रत्येकाच्या कानात वेगळी खडखड वाजते. गाडी उभी करून रेस दिली तरी येतो का? मग इंजिन किंवा त्याला जोडलेलं काहीतरी. मोकळ्या सरळ रस्त्यावर न्यूट्रल केलं, इंजिन खाली आलं, तरी गाडीच्या वेगाबरोबर चालूच आहे? मग चाकं, टायर, बेअरिंग, एक्सल. एवढ्यावर अर्धी गाडी बाद होते.

माझ्यापासून सुरुवात करतो. पुणे, २००८ची पेट्रोल हॅचबॅक. साठच्या पुढे गुं… असा एकसुरी आवाज, वेग वाढेल तसा चढणारा. टायरवाला म्हणाला टायर, गॅरेजवाला म्हणाला गिअरबॉक्स. न्यूट्रलला आवाज तसाच राहिला, म्हणजे गिअरबॉक्सवरचा संशय कमी झाला. टायर पुढचे मागे केले, आवाज हलला नाही. मग खंबाटकीच्या वळणांवर लक्ष ठेवलं. डावीकडे वळताना गुंगुं वाढायची, उजवीकडे वळताना जवळजवळ बंद. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो, म्हणून संशय उजव्या बाजूवर. जॅकवर पुढचं उजवं चाक उचललं (हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना दगड लावून), एका हाताने चाक फिरवलं आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवला. बोटांना बारीक कचकच लागत होती. डाव्या चाकाला तीच चाचणी केली तर स्प्रिंग एकदम शांत. काढलेलं बेअरिंग मागून घेतलं: आतल्या कड्यावर नखाला अडतील असे खड्डे पडले होते. नवं बेअरिंग प्रेसवरच बसवून घ्या. हातोडीने ठोकून बसवलेलं महिन्याभरात पुन्हा गुणगुणायला लागतं.

आता तुमचे येऊ द्यात.

कोल्हापूरहून

आमचा आवाज सगळ्यात सोपा, पण सापडायच्या आधी लई लोकांनी लई काय काय सांगितलं. स्टिअरिंग पूर्ण कापून (म्हणजे टोकापर्यंत फिरवून) गाडी पार्किंगमधनं काढली की टक-टक-टक-टक. सरळ रस्त्याला काय नाय. मिस्त्रीमामांनी गाडी मैदानात नेली, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण कापलं आणि हळू रेस देत गोल फिरवली. मग दुसऱ्या बाजूला. एका बाजूला टकटक, दुसरीकडं शांत. ‘एक्सलचा बाहेरचा जॉइंट,’ म्हणाले.

चाक काढल्यावर कारण डोळ्यासमोर होतं. जॉइंटवरचा रबरी बूट घडीत चिरलेला, आणि चाकाच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे गोलाकार उडालेले. ग्रीस बाहेर गेलं, धूळपाणी आत गेलं, आतले गोळे खाल्ले. बूट फाटलेला वेळेत दिसला तर बूट, क्लिपा आणि ग्रीस एवढ्यात भागतं, ते काही शेकड्यांचं काम. टकटक सुरू झाली की जॉइंटच घ्यावा लागतो. तेव्हा भावांनो, टायर बदलायला चाक काढलंच आहे तर आत टॉर्च मारा. ग्रीसचा शिंतोडा दिसला की समजायचं.

चिपळूणहून

पावसातला आवाज सांगते. ब्रेक दाबला की डाव्या बाजूने ‘छळक’. गाडी निघाली की परत ‘छळक’. यजमान म्हणाले पेट्रोलची टाकी. पण टाकी मागे, आवाज पुढे, आणि टाकी भरलेली असली तरी तेच. शेवटी दार उघडून ते हाताने हलवलं, तर पाणी आतच हेलकावत होतं!

दारांच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात. काचेच्या पट्टीतून आत शिरलेलं पावसाचं पाणी तिथून बाहेर पडतं. आमच्याकडची लाल माती आणि कुजका पाला मिळून ती पक्की बुजली होती. मोडक्या छत्रीची काडी घेतली, भोकात फिरवली आणि पाय मागे घ्यायच्या आत चपला भिजल्या. पाणी तसंच राहिलं असतं तर दार खालून गंजलं असतं, आवाज ही त्यातली किरकोळ गोष्ट. आता मिरगाच्या आधी चारही दारांत काडी फिरवते.

आणि हो, रात्रभर पाऊस पडल्यावर सकाळी निघताना ब्रेकमधून चर्र येतं ना, ते डिस्कवर आलेल्या पातळ गंजाचं. दोन-तीनदा ब्रेक लागले की जातं. तेवढ्यासाठी गॅरेज गाठू नका.

लेस्टर, इंग्लंडहून

इथे गाडी तीन वर्षांपुढे गेली की दर वर्षी एमओटी तपासणी असते, आणि तुटलेली स्प्रिंग हे नापास होण्याचं नेहमीचं कारण. माझ्या गाडीत पार्किंग करताना स्टिअरिंग फिरवलं की ‘टण्ण’. चालताना जवळजवळ काहीच नाही, फक्त एखाद्या खड्ड्यात ठक.

शेजारच्या गुजराती काकांना स्टिअरिंग फिरवायला बसवलं (ते बरीच वर्षं गॅरेज चालवायचे) आणि त्यांच्या सांगण्यावरून मी पुढच्या स्प्रिंगवर तळहात ठेवला. स्टिअरिंगबरोबर स्प्रिंग पीळ घेत होती आणि मग एकदम उडी मारून सुटत होती. काका म्हणाले, स्प्रिंग वर जिथे बसते त्या माउंटचं बेअरिंग जाम असलं तरी अशीच उडी मारते, म्हणून दोन्ही बघायचं. टॉर्च घेऊन खाली बघितलं तर स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा तुटून तुकडा वाटीतच बसलेला. तो बाहेर पडत नाही, म्हणून वरवर बघणाऱ्याला स्प्रिंग अखंडच दिसते.

हिवाळ्यात इथे रस्त्यांवर मीठ टाकतात. स्प्रिंगवरचा रंग खडीने उडाला की तिथून गंज धरतो आणि एका थंड सकाळी तुटते. तुटकं टोक टायरला घासलं तर टायर फाटतो, त्यामुळे ‘अधूनमधून टण्ण तर वाजतंय’ म्हणून ढकलायचं काम नाही. स्प्रिंगा जोडीने बदलतात. कोकण किनाऱ्यावर खारं वारं खाणाऱ्या गाड्यांनीही तिथे एकदा टॉर्च मारायला हरकत नाही.

नाशिकहून

सकाळी स्टार्ट केली की कुईंऽऽ. अर्ध्या मिनिटात बंद. एसी लावला की परत. बेल्टच असणार हे सगळ्यांना कळतं. पण बेल्ट की बेल्टखालचं बेअरिंग, हे झाडांवर फवारायच्या बाटलीने कळलं. चालू इंजिनवर लांबून बेल्टच्या खाचांच्या बाजूला पाण्याचा एक फवारा. आवाज क्षणभर बदलला किंवा गेला तर बेल्टचा. काहीच फरक नाही पडला तर पुली, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) किंवा अल्टरनेटरचं (बॅटरी चार्ज करतो तो) बेअरिंग. माझा बेल्टचा निघाला, खाचांमध्ये आडव्या चिरा होत्या. ओढणी, बाही, मोकळे केस लांब ठेवा. बेल्ट कुणाची वाट बघत नाही.

पुन्हा कोल्हापूरहून

नाशिकवाल्यांना विचारतो, बेल्टला साबण लावतात ते चालतं का? आमच्याकडं सर्रास लावतात.

इचलकरंजीहून, गॅरेजवाला

साबण लावू नका. दोन दिवस आवाज जातो, बेल्ट मात्र घसरतच राहतो आणि बॅटरी नीट चार्ज होत नाही.

मी गॅरेजच चालवतो, तेव्हा दुसऱ्या बाजूनेही थोडं लिहितो. वर म्हटलंय की ट्रायलला आवाज गप्प बसतो. खरं आहे, कारण गाडी आमच्यापर्यंत येते तेव्हा इंजिन तापलेलं असतं आणि तुमचा आवाज थंड इंजिनचा असतो. असा आवाज असेल तर गाडी रात्रीच लावून जा. सकाळी आम्हीच पहिल्यांदा स्टार्ट करतो. मोबाइलवर रेकॉर्ड करून आणलं तरी उपयोग होतो, फक्त त्यात वेग, गिअर आणि काय करत होता ते बोला. नुसती दोन मिनिटांची घरघर ऐकून मी काय सांगणार?

क्लचचं एक सांगतो, यात गिऱ्हाइकाचे बरेच पैसे वाचतात. क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लचला ढकलतं ते). याच्या उलट, गाडी उभी, न्यूट्रल, क्लच सोडलेला असताना घरघर आणि क्लच दाबला की शांत, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (इंजिनाकडून फिरणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग. दोन्हीला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, पण दुसऱ्यात तो उघडावा लागतो. काम ठरवायच्या आधी हे दोन्ही करून बघितलंय का, ते मिस्त्रीला विचारा.

इंजिनवर कान लावायला आम्ही लांब स्क्रू ड्रायव्हर वापरतो. टोक अल्टरनेटरवर, वॉटर पंपावर, टॅपेट कव्हरवर एकेक करून टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाला. बेअरिंग गेलेलं असेल तर तिथे आवाज एकदम मोठा येतो. पंखा आणि बेल्टपासून हात लांब. नवख्याने हे करू नये.

खोल ठोका येत असेल, रेस धरली की वाढत असेल, तर मी एकेका सिलिंडरचा प्लग बंद करून बघतो. ज्याला बंद केल्यावर ठोका मंदावतो, त्याच्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. अशी गाडी चालवत आणू नका. ऑइलचा दिवाही लागत असेल तर जागेवरच बंद करा आणि टो करून आणा. ब्रेकची बारीक किरकिर म्हणजे बऱ्याच गाड्यांत पॅडची पत्रीच घासते, ती त्यासाठीच दिलेली असते. लोखंडावर लोखंड घासल्याची घर्रघर्र आली की डिस्कही गेली. आणि चाक नुकतंच काढून लावलंय आणि त्या बाजूने धडधड येतेय, तर थांबून आधी नट तपासा. हे दरवर्षी कुणाचं ना कुणाचं होतं.

गिरगाव, मुंबईहून

आमच्या घरी वडिलांची फियाट आहे. हो, पद्मिनी, १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सींचा ऑक्टोबर २०२३मध्ये निरोप समारंभ झाला. आमची अजून रविवारी देवळापर्यंत जाते.

तिचं बोलणं वेगळं. मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आहेत, ते कोरडे पडले की प्रत्येक स्पीड ब्रेकरला करकर. पुढच्या बाजूला ग्रीसचे निपल आहेत. ग्रीसगन लावून जुनं काळं ग्रीस कडेने बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत भरायचं. हे वेळच्या वेळी केलं तर पुढचं धड गप्प असतं. आताच्या गाड्यांत ही सोयच नाही, भाग गेला की भाग बदला.

टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची) टिकटिक मात्र वडील पूर्ण बंद करू देत नाहीत. फीलर गेज (ठरावीक जाडीची पत्ती) लावून फट बसवायची, नट कसला की पुन्हा पत्ती सरकवून बघायची. सरकताना किंचित ओढ लागली पाहिजे. एका पोराने ‘काका, आवाजच घालवतो’ म्हणून सगळे घट्ट करायला घेतले तेव्हा वडिलांनी त्याच्या हातातून पाना काढून घेतला. फट संपली तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, आणि न बसलेला व्हॉल्व्ह जळतो. त्यामुळे आमची फियाट उभी राहिली की बारीक टिकटिकत असते.

म्हापश्याहून

माझं दोन ओळींत. ठरावीक रेसवर खालून कढईवरच्या सैल झाकणासारखी झणझण. सायलेन्सरवरच्या उष्णतारोधक पत्र्याचा स्क्रू गंजून गेला होता. गार झाल्यावर एक मोठी जुबिली क्लिप (स्क्रूने आवळायची गोल पट्टी) आवळली, काम संपलं. गॅरेजने मात्र नवा सायलेन्सर सांगितला होता.

नागपूरहून

डॅशबोर्डमागून टकटकटकटक, इग्निशन चालू केल्यावर थोडा वेळ, आणि मग गप. इंजिनाचा संबंध नाही, कारण नुसती चावी फिरवली तरी येतो. एसीच्या थंड-गरमच्या बटणाला हात लावला की हमखास. आत हवेची झडप फिरवणारी एक छोटी मोटर असते, तिच्या प्लॅस्टिकच्या दातऱ्याचे दात गेले होते. मोटर लहान, पण तिथवर हात पोचवायलाच दुपार जाते. आमच्याकडच्या उन्हात प्लॅस्टिक कडक होतं, त्यामुळे क्लिपा उकलताना तुटल्या तर नवल नाही. आधी चार क्लिपा आणून ठेवा.

लातूरहून

एक प्रश्न आहे. माझ्या गाडीत मागून ठक-ठक येतं, पण फक्त मी एकटा असताना. मागे माणसं बसली की बंद. मेव्हणे म्हणतात शॉकॲब्सॉर्बर. काय करावं?

पुण्याहून

आधी डिकी पूर्ण रिकामी करा. जॅक, पाना, स्टेपनी, वरचा ट्रे सगळं घरात काढून ठेवा आणि त्याच रस्त्यावरून जा. डिकीच्या दाराचे रबरी टेकू झिजले असतील तर दारही वाजतं.

इचलकरंजीहून, गॅरेजवाला

पुणेकरांचं बरोबर. शिवाय मागच्या सीटच्या पाठीची खिट्टी बघा. माणूस टेकला की ती दाबून बसते, सीट रिकामी असली की वाजते. मागे बसलं की बंद, म्हणजे तीच असायची शक्यता जास्त. वजनाने सस्पेन्शनही दबतं, म्हणून शॉकचे बुश नंतर बघू.

लातूरहून

डिकी रिकामी केली, फरक नाही. मग सीटची पाठ दोरीने करकचून बांधली आणि औसा रोडला चक्कर मारली. आवाज निम्मा झाला. म्हणजे आवाज दोन आहेत. खिट्टीला रबर लावलंय, उरलेल्यासाठी रविवारी मेव्हण्यांना डिकीच्या बाजूला कान लावून बसवतो.