केस कापायचे की बांधायचे? फौजेत जाणाऱ्या मुलींच्या अंबाड्यावरून

लष्करची सून
परवा आमच्याकडे चैत्राचं हळदीकुंकू झालं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जुनी मराठी घरं आता मोजकीच राहिलीत, त्यामुळे आलेल्या बायका उठायचं नाव घेत नाहीत. डाळ-पन्हं संपलं आणि विषय घसरला माझ्या मुलीच्या केसांवर. ती एनसीसीची ‘सी’ सर्टिफिकेटवाली, शॉर्ट सर्व्हिस कमिशनच्या, म्हणजे फौजेत ठरावीक वर्षांसाठी अधिकारी होण्याच्या, मुलाखतीची तयारी करतेय. केस कमरेपर्यंत. एक मावशी म्हणाल्या, “निवड झाली तर हे सगळं कापणार? मग लग्नात गजरा कशावर माळणार?” दुसऱ्या म्हणाल्या, “कापत नाहीत हो, जुडा घालतात.” तिथून जे सुरू झालं ते दिवेलागणीपर्यंत चाललं.

माझं म्हणणं इथे मांडते. नियमामागे हेल्मेट, गॅस मास्क, यंत्रात केस अडकण्याची भीती असेल तर तो निमूट पाळावा. पण ‘बाईमाणसानं नीटनेटकं दिसावं’ एवढंच कारण असेल, तर तो नियम फौजेचा नाही, सासरचा आहे. घट्ट अंबाडा, जाळी, बट सुटायला नको, हे मी लग्नानंतर पाच वर्षं ऐकलंय. तेव्हा मला कुणी बंदूक दिली नव्हती.

मुरारकर निवृत्त
वहिनी, सासरचा दाखला छान दिलात, पण चुकीच्या जागी. मी अठ्ठावीस वर्षं वर्दीत काढली. टर्नआउट, म्हणजे वर्दीतला नेटकेपणा, ही दिसण्याची हौस नाही. सकाळी फॉल-इनला, म्हणजे रांगेत उभं राहिल्यावर, उस्ताद (ट्रेनिंग देणारा) ओळीवरून नजर फिरवतो तेव्हा तो बूट, बक्कल आणि केस बघून ओळखतो, कोण रात्री झोपला नाही, कोणाचं मन घरी अडकलंय. प्रत्येकानं आपल्या मर्जीनं केस ठेवले तर ते वाचता येत नाही. एकसारखं दिसणं हेच कारण आहे, त्याच्यामागे आणखी कारण शोधू नका.

आणि सवलत मागायला गेलं की संपत नाही. हवाई दलातल्या एका जवानानं दाढी ठेवायची परवानगी मागितली होती, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, 2016 च्या डिसेंबरात निकाल दलाच्या बाजूनं लागला. शिखांचे केस धर्मानंच कापायचे नाहीत, ती गोष्ट वेगळी.

जाळीवाली (दहा वर्षं नोकरी, आता घरी)
काका, उस्तादांबद्दल शंभर टक्के. पण अंबाडा घालून हेल्मेट तुम्ही कधी चढवलंत? मी चढवलंय. उभं असताना चालून जातं. पोटावर आडवं होऊन मान वर केली की हेल्मेटची मागची कड अंबाड्यावर टेकते आणि पुढची भुवयांवर उतरते. समोरचं टार्गेट दिसायचं बंद. मग अंबाडा खाली मानेवर घ्यायचा, तर तो कॉलरला लागतो आणि नियम म्हणतो केस कॉलरच्या वर हवेत. म्हणजे नियम पाळला की निशाणा चुकतो, निशाणा साधला की शेरा मिळतो.

ट्रेनिंगच्या तिसऱ्या आठवड्यात मी स्वतःच बॉयकट केला. पहाटे अंबाड्याला वीस मिनिटं जायची, ती झोपेत गेली. त्या वीस मिनिटांची किंमत ट्रेनिंग केलेल्यालाच कळते. रडले का? हो, एकदा, रात्री, मच्छरदाणीत. दुसऱ्या दिवशी पोहायच्या तासाला केस पाच मिनिटांत वाळले आणि मी सगळं विसरले.

तेव्हा लष्करची सून, मुलीला सांगा, नियम कसाही असो, कापून जा.

इंदूरचा चष्मेवाला
जाळीवालींनी हेल्मेटचं सांगितलं, तसाच अंबाड्याचा त्रास अमेरिकेतही निघाला. तिथल्या हवाई दलानं 2021 च्या फेब्रुवारीपासून वेणी आणि पोनीटेलला परवानगी दिली. घट्ट अंबाड्यानं डोकेदुखी होते, केस गळतात अशा तक्रारी बायकांनी वर्षानुवर्षं केल्या होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांच्या भूदलानंही सगळ्या गणवेशांत पोनीटेल चालेल म्हणून सांगितलं. फौज काही बुडाली नाही.

त्याआधीचा किस्सा आणखी बोलका आहे. 2014 मध्ये तिथल्या भूदलानं नवे नियम काढले आणि कृष्णवर्णीय बायकांच्या पिळाच्या वेण्या, जटांसारख्या वेण्या यांवर बंदी घातली. नियमात त्या केसांना ‘गबाळे’ अशा अर्थाचे शब्द होते. ओरड झाली, शब्द काढावे लागले, आणि 2017 मध्ये तशा वेण्यांना मान्यताही मिळाली. सरळ केस असलेल्यांनी ‘नीटनेटकं’ ठरवलं की असं होतं. माझ्या बायकोचे केस कुरळे आहेत, तिला जाळीत कोंबून दाखवा.

मुरारकर निवृत्त
अमेरिकेच्या लढाया अमेरिकेनं लढाव्यात. आपल्याकडे डॉक्टर-नर्स सोडून बायकांना अधिकारी म्हणून घ्यायला सुरुवात झाली ती 1992-93 ला. पर्मनंट कमिशनचा, म्हणजे निवृत्तीपर्यंत नोकरीत राहण्याचा, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 2020 चा. एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, मुली 2022 ला गेल्या, त्यांची पहिली तुकडी 2025 च्या मे महिन्यात बाहेर पडली. जरा स्थिरावू द्या. केसांवरून गाजावाजा केला की ‘आल्या आणि सवलती मागायला लागल्या’ म्हणणारे टपलेलेच आहेत, त्यांच्या हातात कोलीत कशाला?

लष्करची सून
काका, हे मात्र मला पटलं नाही. टपलेल्यांना भिऊन हेल्मेट डोळ्यांवर घ्यायचं? ती तक्रार सवलतीची नाही, निशाण्याची आहे. अंबाडा सोडून वेणी कॉलरच्या आत खोचू दिली तर कोणाचं काय जातं?

पार्लरवाली ताई
मी फौजेतली नाही पण केस माझा धंदा आहे. इथल्या मुरार छावणीतून फौजेतल्या बायका येतात. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांना आणि कानांवर केस विरळ झालेले असतात. रोज एकाच जागी ओढून बांधल्यानं मुळं सैल होतात. भरतनाट्यमवाल्या मुलींचंही तसंच, आणि करकचून पोनी बांधणाऱ्या शाळकरी मुलींचंही. लवकर लक्षात आलं तर परत येतात. वर्षानुवर्षं ओढलं तर त्या जागेवर पुन्हा उगवत नाहीत. ओल्या केसांचा अंबाडा तर मुळीच घालू नका, आणि रात्री सोडून झोपा. एवढंच सांगायला आले होते.

पणजीची पणती
मला ‘कापून जा’ हा सल्ला वाचून अस्वस्थ वाटलं. माझ्या पणजीचं केशवपन झालं होतं. एकोणिसाव्या वर्षी. तिचा एकच फोटो आहे, डोक्यावरून आलवणाचा, म्हणजे विधवेच्या लाल लुगड्याचा, पदर. 1890 मध्ये मुंबईत न्हाव्यांनीच सभा घेऊन ठरवलं होतं की विधवांचे केस आम्ही कापणार नाही, तरीही आमच्या घरात वस्तरा फिरलाच. बाईच्या डोक्यावर काय ठेवायचं आणि काय नाही हे दुसऱ्यानं ठरवायचं, ही आपल्याकडे जुनी खोड आहे. म्हणून हुकूम आला की मी आधी विचारते, कोण देतंय आणि कशासाठी.

फूलबागवाला
कहर झाला! केशवपन आणि फौजी कटिंग एका ताटात? एकात बाईला समाजातून उठवायचे, दुसऱ्यात तिला पगार, रँक आणि सॅल्यूट मिळतो. झाशीच्या राणीची समाधी आमच्या ग्वाल्हेरच्या फूलबागेत आहे. ती 1858 ला इथे पडली तेव्हा अंगावर लढाईचा पुरुषी वेष होता. तिनं केसांवर चर्चा केली नसेल.

जाळीवाली
फूलबागवाले, राणीला कॉलर नव्हती. आणि पणती ताई, तुमचं दुखणं मला कळलं. मी माझा सल्ला थोडा बदलते: कापायचे तर स्वतः कापून जावं, तिथे कुणी कात्री घेऊन उभं राहायच्या आधी. त्यात फरक आहे, मी अनुभवलाय.

एक पुरुष
आम्हाला विचारा ना कुणी. पोरगा भरती झाला की पहिल्याच दिवशी मशीन फिरते. जर्मनीत एका सैनिकानं हेच कोर्टात नेलं होतं, बायकांना लांब केस चालतात तर मला का नाही. 2013 मध्ये कोर्टानं सांगितलं, बायकांनी सैन्यात यावं म्हणून ही मुभा आहे, चालेल. म्हणजे समानता तिथेच संपली.

लष्करची सून
दादा, तुमचं बरोबर आहे, पुरुषांना द्यायची असेल तर द्या, मी आड येणार नाही. हेल्मेटखाली शेंडीला जागा असतेच.

बरं, मुलीला ही सगळी चर्चा वाचून दाखवली. ती म्हणे, “आई, आधी मुलाखत तर होऊ दे.” तूर्तास पहाटे पाचला आरशासमोर अंबाडा घालायचा सराव चाललाय, काल सव्वीस मिनिटं लागली. जाळीवाली, ती जाळी इथे महाराज बाड्याच्या बाजारात मिळेल का?

जाळीवाली
मिळेल. काळी घ्या, बारीक विणीची. मणी लावलेली नको. आणि यू-पिना डझनभर जास्तीच्या, त्या हरवतातच.