मैदानाशेजारचा बार : क्लबचा परवाना रोखला ते बरोबर की चूक?

बार्देशकर :
आमच्या गावचा क्रीडा क्लब दारूच्या परवान्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात गेलाय. क्लबचा बार जुना, शाळा शेजारी मागाहून आली. पालकांनी तक्रार केली आणि अबकारी खात्याने नूतनीकरण अडवलं. शाळा किंवा देवळापासून शंभर मीटरच्या आत परवाना देऊ नये, असा गोव्याचा अबकारी नियम. क्लब म्हणतो, काउंटरपासून शाळेच्या दारापर्यंत मोजा, अंतर भरतं. पालक म्हणतात, फाटकापासून फाटकापर्यंत मोजा, भरत नाही.
माझं मत : टेप कुठूनही लावा, परवाना जावा. रविवारी सामना संपला की चौदा वर्षांखालची पोरं चिखलाच्या बुटांनिशी लिंबू सोड्यासाठी ज्या खिडकीशी रांग लावतात, तिथूनच त्यांच्या काकांना बिअर मिळते. सोड्याला वेगळी खिडकी पाडावी हे कमिटीला इतक्या वर्षांत सुचलं नाही.

जुना गोली :
बाब, त्याच पोरांचे बूट कुठून येतात? बारच्या गल्ल्यातून. मैदानाला चुना, जाळी, रेफ्रीचं मानधन, मडगावला खेळायला जायची बस, सगळं तिथूनच. सरकारी अनुदान मंजूर होईपर्यंत हंगाम संपतो. शाळेने जागा घेतली तेव्हा बारची पाटी दिसली नव्हती का? आधी असलेल्याला नंतर आलेल्याने हाकलायचं, हा कुठला न्याय!

सासष्टीकर :
शंभर मीटरचं कौतुक मला सांगू नका. सरकारला वाटलं तर ती अट शिथिल करता येते, आणि केलेलीही आहे. हमरस्त्यांलगतच्या दारूदुकानांचं तर डोळ्यांदेखत झालं. डिसेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यापासून 500 मीटर लांब म्हटलं. 31 मार्च 2017 ला 20 हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी त्याचे 220 झाले. जुलैत पालिका हद्दी वगळल्या. बार होते तिथेच राहिले, अंतर तेवढं आखडलं. ओळख असलेल्याला सूट आणि फुटबॉल क्लबला नोटीस?

फोंड्याची वकीलबाई :
गोलीभाऊ, ‘आधी आलो’ एवढ्यावर विसंबू नका. दारूचा धंदा हा मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने खोडे डिस्टिलरीजच्या खटल्यात स्पष्ट केलंय. मात्र नूतनीकरण नाकारण्याआधी क्लबला नोटीस आणि सुनावणी मिळाली का, हे बघा. नसेल मिळाली तर क्लबची खरी बाजू ती. प्रकरण बहुधा फेरसुनावणीला परत जाईल, पण परवाना हातात पडेलच असं नाही.

जुना गोली :
ताई, पण आम्ही विकतच नाही ना? सभासदांचा क्लब, सभासदांचीच दारू. स्वतःच स्वतःला काय विकणार?

फोंड्याची वकीलबाई :
हा मुद्दा कराच्या खटल्यांतला. 1970 मध्ये यंग मेन्स इंडियन असोसिएशनच्या आणि 2019 मध्ये कलकत्ता क्लबच्या प्रकरणात तो टिकला. पुढे 2021 च्या वित्त कायद्याने जीएसटीपुरती ती पळवाटही बुजवली, मागे जाऊन थेट 2017 पासून. अबकारी परवाना ही वेगळी गोष्ट. विक्रीकर नाही म्हणून परवाना नको, असं कुणी म्हटलेलं नाही. शिवाय तुमचा हॉल लग्नाला भाड्याने जातो ना? तिथे पिणारे सगळे सभासद?

जुना गोली :
हॉलचं भाडं नसेल तर पावसाळ्यात छप्पर कोण शिवणार?

बार्देशकर :
आता आलात मुद्द्यावर. म्हणजे बार फुटबॉलसाठी नाही, हॉलसाठी. गल्ल्यातले किती पैसे मैदानावर जातात ते वार्षिक सभेत मांडा. बूट बारच्याच पैशाने येतात असं दिसलं तर तक्रारीवरची माझी सही मी मागे घेतो.

सासष्टीकर :
म्हणजे हिशेब चोख असला की शाळेजवळ बार चालेल? बार्देशकर, सकाळपर्यंत टेप कुठूनही लावा म्हणत होता!

बार्देशकर :
चालेल असं नाही म्हटलं. सही मागे घेईन म्हटलं. खिडकीचं भांडण उभंच आहे.

फोंड्याची वकीलबाई :
गोलीभाऊ, भांडण्याआधी मूळ परवाना कपाटातून काढा आणि त्यावर ‘फक्त सभासदांसाठी’ लिहिलंय का ते वाचा. लिहिलं असेल तर लग्नाची एक पावती पालकांच्या वकिलाला पुरे.