ईआरव्हीला थर्मोस्टॅटची वीज देऊ नका
थर्मोस्टॅटची (घराचं तापमान सांभाळणाऱ्या यंत्राची) २४ व्होल्टची वायर थेट ईआरव्हीला, म्हणजे घरात ताजी हवा आणणाऱ्या एनर्जी रिकव्हरी व्हेंटिलेटरला, दिली तर चालेल का, असं एकानं विचारलंय. नका देऊ. बहुतेक ईआरव्हींना स्वतःचा वीजपुरवठा असतो. बाहेरून त्यांना फक्त दोन टोकं जुळलेली हवी असतात, साध्या स्विचसारखी. त्यात दुसऱ्या, म्हणजे थर्मोस्टॅटच्या, ट्रान्सफॉर्मरची वीज घुसली तर कंट्रोल बोर्ड गेलाच म्हणून समजा! इकोबी या स्मार्ट थर्मोस्टॅटच्या बऱ्याच मॉडेलांत यासाठी एसीसी प्लस आणि एसीसी मायनस अशी जोडी आहे, दोन्ही वायरी तिथेच लावा. तशी सोय नसलेल्या थर्मोस्टॅटला मध्ये आयसोलेशन रिले (दोन्हीकडची वीज वेगळी ठेवणारा स्विच) टाकावा लागेल. आणि ताजी हवा घर गरम करणाऱ्या फर्नेसच्याच डक्टमधून फिरत असेल, तर ईआरव्हीबरोबर फर्नेसचा ब्लोअरही (हवा ढकलणारा पंखा) सुरू होतोय ना ते बघा; नाहीतर ती हवा खोल्यांपर्यंत नीट पोचतच नाही.